कोनाड्यातली कढई

गाढवपणा मी आयुष्यात पोतंभर केला, पण त्यातला सगळ्यात मोठा बाजारातून विकत आणला. जाड बुडाची, झाकणाची, चकचकीत कढई. शमीमबीसाठी आणली होती. गेल्या महिन्यात अकोल्याहून तिच्या मुलाचा, रफिकचा फोन आला, “चाची, अम्मी गेली...” आणि कधी, कशानं, हे विचारायचं सोडून मी ओट्यावरच्या त्या कढईकडे बघत उभी राहिले. तो पलीकडून “चाची, चाची” करत होता.

शमीमबी आमच्या भातकुली गावची पिंजारीण. नवरा कापूस पिंजायचा, ही गाद्या भरून टाके घालायची. आमच्या अंगणात काम निघालं की तिच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. मी तेव्हा नवी सून, तिच्याच वयाची. तिच्या चहासाठी सासूबाईंनी गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला कप ठेवला होता. तो तिनं स्वतः विसळून पुढं धरायचा आणि मी वरून धार सोडायची. त्यात मी काय पटाईत होते म्हणून सांगू! कपाला किटली टेकत नसे, बाहेर थेंब सांडत नसे. सासूबाई कौतुक करायच्या आणि मी फुगायचे, जणू सर्कशीतच नोकरी लागणार होती मला. सासूबाई गेल्यावर तो कप मी उकिरड्यावर फेकला, शमीमबीला घरातल्या कपात चहा दिला आणि झाले की सुधारक! त्या कपाबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही. मीही नाही...

पुढं कापसाचे वाईट दिवस आले. वावरात बोंडअळी, बाजारात भाव नाही. लोक लग्नंच पुढं ढकलू लागले, नव्या गाद्या कोण भरणार? शमीमबीचा नवरा आधीच गेलेला, रफिक कामासाठी अकोल्याला, आणि नेमकी तेव्हाच तिची बोटं सुजून वाकडी झाली. मी तिला अमरावतीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा साधा संधिवात नाही, शरीर स्वतःवरच उलटलंय. औषधांबरोबर काही महिने पथ्यही करून बघा. मिरची, टमाटे, वांगी, आलू बंद. दूध, धान्य, शेंगदाणे, तीळ, अगदी धने-जिरेही बंद. शमीमबीनं तिथंच विचारलं, “मंग खाऊ काय, गादीतला कापूस?”

तिला सुई धरवत नव्हती, स्वयंपाक कुठून करणार? म्हटलं, मी करते. कोंबडी तिच्या भावाकडूनच हलाल करून आणली, तेवढी अक्कल होती मला. आमची लोखंडी कढई वर्षानुवर्षं तर्री पिऊन बसलेली, तिच्यात नुसतं पाणी उकळलं तरी ठसका लागावा. म्हणून नवी आणली. खोबरेल तेलात कांदा परतला, ठेचलेलं आलं-लसूण टाकलं, मग हळद-मीठ लावलेली कोंबडी, वर लाल कोहळ्याच्या आणि रताळ्याच्या फोडी, झाकण आणि मंद आच. कोहळं विरघळून त्याचाच दाट रस्सा होतो. उतरवताना लिंबू आणि मूठभर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. डोक्याचं तेल कढईत ओतलं म्हणून आमचे हे दिवसभर हसत होते.

तिला एकटीलाच आधी जेवायला बसवलं आणि मिरवत सांगितलं, “शमीमबी, ही कढई, हे ताट, हा गिलास, सगळं तुयं येगळं केलं. दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही. धुऊन थेट गोठ्यातल्या कोनाड्यात.”

तिनं कोनाड्याकडे पाहिलं. दोन घास खाल्ले, “पोट भरलं” म्हणाली. वाकड्या बोटांनी ताट स्वतःच उचललं, विसळलं आणि नेऊन कोनाड्यात ठेवलं. मी आपली विचार करतेय, आलं कमी पडलं का!

त्यानंतर ती आलीच नाही. शेजारीण देईल ती तिखट भाजी-भाकर खाते, बोटं आणखी सुजलीत, असं कानावर आलं. मी उलट तिलाच नावं ठेवली. मग एकदा धूळ झटकायला म्हणून कोनाड्यातली कढई उचलली, तर खाली चुन्यावर चहाचं गोल वळं. कप गेला होता, डाग राहिला होता, आणि मी कढई बरोबर त्याच्यावर नेऊन ठेवली होती... एकटीच होते, तरी पदर तोंडावर ओढून घेतला.

कढई उचलली ती स्वयंपाकघरात नेली. साऱ्या घराची कोंबडी तीत केली, तशीच, बिनमिरचीची. मग शमीमबीच्या दारात जाऊन उभी राहिले. “कढई घरात नेली,” एवढंच म्हणाले. तिनं चपला घातल्या. आम्ही सगळे एकाच पंगतीला बसलो. पहिल्याच घासाला आमचे हे म्हणाले, “ही कोंबडी हाय का बाळंतिणीचा काढा?” शमीमबी म्हणाली, “खा भाऊ, गुण येईन.”

ती कढई अजून माझ्या ओट्यावर असते. रफिकच्या फोननंतर तीत पुन्हा तशीच कोंबडी केली. नातवंडांनी मिरचीचं लोणचं मागितलं, मी दिलं नाही. कपाची माफी मात्र मी तिच्याकडे कधीच मागितली नाही. त्या पंगतीतही डोळे पुसत कढईबद्दलच काहीतरी पुटपुटले. कपाचं तीच बोलली, सगळ्यांदेखत, घास हातात धरून:

“कप तुया सासूचा व्हता इंदू, म्हून चूपचाप पेत राहिली. कढई तुयी व्हती, म्हून उठून गेली. आता रडू नोको, तंगडी वाढ.”