समिती मर्ज झाली त्या दिवशी

आमच्या ग्वाल्हेरच्या हिंदीत मर्ज म्हणजे रोग. त्यामुळे शिंगाडेवाली दारात टोपली उतरवून म्हणाली, "बाईसाब, हमारी समिति को मर्ज कर रहे हैं," तेव्हा मला वाटलं, तळ्यातल्या माशांना काही साथ आली. मग कळलं की हे इंग्रजी मर्ज. लहान समिती मोठीत विलीन करायची. माझी पहिली समजूतच बरोबर होती, असं मी आजही म्हणते.

ती मुरारच्या पलीकडच्या गावची धीमर, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणाऱ्यांतली. माधवगंजात आमच्या घरी एकादशीच्या पिठाला शिंगाडे तिचेच. गावातल्या बायकांनी मिळून मच्छीमार समिती काढली होती, ही तिची अध्यक्ष. पंचायतीच्या तळ्याचा पट्टा समितीच्या नावावर होता. खाली मासे सोडायचे, वर शिंगाड्याची वेल लावायची. पुरुषांच्या मोठ्या समितीला ती वेल नको होती, जाळं अडकतं म्हणून. समित्या एक झाल्या की तळं त्यांच्या ताब्यात जाणार आणि वेल उपटली जाणार, हे उघड होतं.

सभेला चला म्हणून ती मागे लागली. "अगं, तू कशाला बीच में पडतेस?" असं आमचे हे म्हणाले. मी पडले.

सभा इंदरगंजातल्या सहकार खात्याच्या कचेरीत होती. टेबलामागे साहेब, शेजारच्या खुर्चीत मोठ्या समितीचा अध्यक्ष. तो हिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्यात जेठाशी धाकट्या भावजयीनं एक शब्द बोलायचा नाही. तोंडावर घूंघट ओढायचा आणि काही सांगायचंच झालं तर शेजारणीला उद्देशून सांगायचं. ज्याच्यासाठी असेल तो ऐकून घेतो. साहेबांना ही रीत ठाऊक नव्हती म्हणता? याच मुलखातला माणूस, त्यांच्याही घरात हेच चालत असणार.

ठराव वाचून त्यांनी विचारलं, "किसी बहन को आपत्ति है?"

मग हिनं माझा हात धरला. "बाईसाब, जेठजी से कह दो, हमें मंजूर नहीं है. बेल नहीं उखड़ेगी."

खोलीतल्या प्रत्येकानं ते ऐकलं. जेठानं तर मानही फिरवली. तरी मी उभी राहून शब्दन्‌शब्द सांगितला.

"आप सदस्य हैं?" साहेबांनी मला विचारलं.

"नहीं."

"तो आपकी आपत्ति दर्ज नहीं होगी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, माझी नाही, तिची!" मी रागाच्या भरात मराठीतच ओरडले, मग हिंदीत ओरडले. साहेब खाली मान घालून 'सर्वसम्मति से' लिहीत होते. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

तेव्हा तिनं घूंघट मागे सारला. जेठाकडे सरळ बघून ती म्हणाली, "नहीं."

मागून कुणीतरी "हाय राम" म्हणालं. जेठ ताडकन उठून बाहेर गेला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "अब तो कार्यवाही पूरी हो गई, बहनजी."

बहनजी म्हणे! बहिणीचा गळा असा कापतात का?

वेल उपटली. काठावर सडत पडलेली मी डोळ्यांनी पाहिली. एकीत बळ असतं, मोठी समिती म्हणजे मोठी ताकद, ही भाषणं कुणी मला ऐकवू नयेत. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तेव्हा तोही म्हणत असेल की आपण एक झालो.

पुढच्या हंगामात ती रिकाम्या हातानं आली. ओट्यावर बसून पाणी प्यायली. त्यांच्या बिरादरीची बैठक झाली होती. मला वाटलं, तळ्यासाठी. तळ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. जेठापुढे तोंड उघडं टाकलं, म्हणून तिला माफी मागायला लावली होती.

"मग? मागितलीस?" मी चिडून विचारलं.

"मांगी. पर जेठ से बोल तो सकती नहीं," ती म्हणाली. "पड़ोसन से कहलवाई."

ती माफी त्यांनी लगेच मान्य केली. शेजारीण सदस्य आहे का, हे कुणी विचारलं नाही.