स्टुलाचं विचारायचं राहिलं

"आधी देठ बघा, भाऊ. मणी काय, कुणाचेबी गोड दिसतात."

घड हातात आला की मावशी आधी अंगठ्याने देठ दाबून बघायच्या. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये पेट्यांत द्राक्षं भरणाऱ्या चाळीस बायकांच्या त्या मुख्य. मी तिथला सुपरवायझर, वयाने त्यांच्या मुलासारखा. सीझनमध्ये सकाळी आठला टेबलापाशी उभ्या राहिलेल्या मावशी संध्याकाळी घरी जाऊनच टेकायच्या. तोवर पाय चपलेत मावत नसत.

घरच्यांचं कानाआड करायचं आणि परक्याचं वरच्यावर झेलायचं, असा एखादा मालक तुम्हीही पाहिला असेल. आमचा तसाच होता. बायका तीन वर्षं थंड पाणी मागत होत्या. आमची द्राक्षं घेणाऱ्या युरोपातल्या बायरने एकदा नुसती भुवई उंचावली आणि आठवड्यात कूलर आला. पुढे पेटी कशी भरायची ते आपल्या माणसांना दाखवायला त्याच बायरने मावशींना तिकडे बोलावलं, आणि इंग्रजीसाठी सोबत मी निघालो, तेव्हा म्हणूनच बायकांनी एकच काम सांगितलं. बसायला स्टुलं मागा.

मालकाने मला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. "तक्रार एकही नको हं."

काम आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. बायर आम्हाला जवळचं जुनं गाव दाखवायला घेऊन गेला. नेमका त्या दिवशी त्यांच्या फुटबॉल संघाचा अंतिम सामना होता. अख्खं गाव लाल मफलरी घालून गात हिंडत होतं. म्हातारे, तान्ही बाळं, कुत्रीसुद्धा लाल.

"यांना उद्या कामाला नाय का जायचं?" मावशींनी विचारलं.

रस्ते दगडी होते. मोज्यांवर चपला घालून मावशी एकेक दगड जपून ओलांडत होत्या. बायरला सगळंच दाखवायचं होतं. घड्याळाचा मनोरा, पूल, मग आणखी एक पूल. शेवटी चर्चच्या पायरीशी मावशी थांबल्या. "आता विचारा त्यांना. स्टुलांचं."

काय म्हणतात, असं बायरने विचारलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं, नोकरी एवढी एकच होती. तुमचं गाव त्यांना फार आवडलं, असं मी सांगितलं. तो इतका हरखला की गळ्यातली लाल मफलर काढून त्याने मावशींच्या गळ्यात घातली.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "स्टुलाचं ऐकून माणूस एवढा खूश होत नाय, भाऊ."

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

चौकात मोठा पडदा लावला होता. गोल झाला तशी एका जाडजूड आजीबाईंनी मावशींना मिठीच मारली, आणि सरकून बाकावर जागा दिली. मावशी बसल्या. चपला काढून त्यांनी सुजलेले पाय लांब केले. सामना संपला, लोक पांगले, तरी त्या उठल्या नाहीत. मीही उठा म्हणालो नाही. मला लाज वाटत होती.

पुढच्या सीझनला बायकांनी गराडा घातला. स्टुलांचं काय झालं, म्हणून विचारू लागल्या.

"विचारलं गं," मावशी म्हणाल्या. "बघू म्हणाला." आणि त्यांनी पुढचा घड उचलून देठ दाबला.

त्यानंतर दोन सीझन त्या गुडघ्याला ती लाल मफलर बांधून उभ्या राहिल्या. मग यायच्याच थांबल्या. टेबलाच्या टोकाची त्यांची जागा दुसऱ्या बाईला द्यावी लागली.

एकदा त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची हे वाटभर घोकलं होतं. मावशी खाटेवर होत्या, मफलर गुडघ्यालाच. मला बघून त्यांनी सुनेला स्टूल आणायला सांगितलं. तिने आणून माझ्यापुढे ठेवलं. मी तसाच उभा राहिलो.

"बसा की, भाऊ," मावशी म्हणाल्या. "इथं मालक नाय."