डब्ब्यातली खोट

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात रामप्रसादचं गेम पार्लर होतं आणि त्या पार्लरमध्ये बारा महिने एकच वाद चालायचा: डब्बा भारी की असली भारी? रामप्रसादला या वादाचा असा उबग आला होता की कोणी दारातूनच "काका, तुम्हीच सांगा" म्हणालं, की तो पंख्याकडे बघत बसायचा.

डब्बा म्हणजे दोन सीटांचं जुनं मशीन. शहर वाढत होतं, मॉलवर मॉल होत होते, त्यातला एक बंद पडला आणि तिथला हा डब्बा रामप्रसादने टेम्पोत घालून आणला. दोघांनी शेजारी बसायचं, स्टिअरिंग धरायचं आणि पाय दाबायचा. गाड्या हिरव्या-जांभळ्या, पुलावरून पतंगासारख्या तरंगणाऱ्या, भिंतीवर आदळल्या तरी ओरखडा नाही. रस्ते मोजून चार. असली म्हणजे कोपऱ्यातला मोठा टीव्ही आणि त्यावरचा नवा गेम. त्यातल्या गाड्या खऱ्या कंपन्यांच्या, टायर झिजणारे, पाऊस पडला की रस्ता घसरडा होणार. गावाकडे दोन वर्षं पावसाने तोंड दाखवलं नव्हतं आणि या टीव्हीत रोज धो धो कोसळायचा. रामप्रसादला त्याचासुद्धा राग यायचा.

असलीचा वकील होता वरद. समर्थनगरचा, इंजिनिअरिंगला शिकणारा, चष्मा पुसत बोलणारा. "काका, डब्ब्यात आहे काय? चार रस्ते पाठ झाले की संपलं. यात प्रत्येक वळण शिकावं लागतं. आज कालच्यापेक्षा बरं चालवलं, हीच मजा आहे." आणि मग हा मजा करणारा दात-ओठ खात, एकटा, एकाच वळणावर पुन्हा पुन्हा घसरायचा. याला मजा येते की हा कसली शिक्षा भोगतोय, हे रामप्रसादला कधी कळलं नाही.

डब्ब्याचा वकील कारभारी. शेंद्र्याच्या एका कंपनीत हेल्पर, साप्ताहिक सुट्टीला हमखास हजर. याच्याइतकी वाईट गाडी अख्ख्या जिल्ह्यात कोणी चालवत नसेल. दर वेळी हरायचा आणि हसत उठायचा.

"लेका, हरतोस रोज, तरी येतोस कसा?" रामप्रसादने एकदा वैतागून विचारलं.

"भाऊ, हरतो, पण शेवटपर्यंत वाटतंय ना, आता मारली बाजी! तो नवा गेम आठ दिवस गोड लागला. मग ड्युटी केल्यावानी वाटाया लागलं."

यात तथ्य होतं. नवा गेम आला की पंधरा दिवस झुंबड उडायची, महिन्याभरात त्याच्यावर धूळ बसायची, आणि डब्बा मात्र तीच चार गाणी वाजवत धडधडत राहायचा. का, ते रामप्रसादला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. त्याच्या डोक्याला दुसरा ताप होता, तो म्हणजे आप्पा.

आप्पा म्हणजे त्याचे वडील. जन्म मेंढरांमागे गेला. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी चारा संपला, विहिरीचा तळ दिसला, होती नव्हती ती मेंढरं विकली आणि रामप्रसाद त्यांना शहरात घेऊन आला. वस्तीवर आता ना माणूस होतं ना पाणी, मेंढरांचं रिकामं कुंपण तेवढं उरलं होतं. तिथे आप्पा एकटे गेले तर पुढचा पाऊस बघणार नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि आप्पा रोज सकाळी पटका बांधून, काठी घेऊन दारात उभे. "मी जातो गावाला. हितं काय करू मी? भिताडं राखू?"

शेवटी सत्यशीला, रामप्रसादची बायको, म्हणाली, "दुकानात न्या त्यांना. चार माणसं तरी दिसतील."

दुकानात आप्पा दोन दिवस नुसते बसले. तिसऱ्या दिवशी कारभारीने त्यांना हाताला धरून डब्ब्यात बसवलं, आणि काय सांगावं, म्हाताऱ्याचा हात बसला! आठवड्यात आप्पा कारभारीच्या पुढे निघायला लागले. गावाचं नाव बंद झालं. रामप्रसादने देवाला हात जोडले, ते सोडतो न सोडतो तोच नवी कटकट उभी राहिली. आप्पा सगळ्यांच्या पुढे जायचे आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडे ब्रेक मारून उभे राहायचे.

"आप्पा, पळवा! शर्यत हाय ही!" रामप्रसाद ओरडायचा.

"मागचं येऊ दे की."

"मागच्याला कशाला येऊ द्यायचं?"

"मागचं सोडून पुढं गेल्यावर लांडगा कुनाला नेतो रे? तुला नेतो का?"

आता या माणसाला काय सांगायचं? पडद्यावर वेळ संपत आलेली, पोरं कपाळाला हात लावून बसलेली आणि आप्पा शांतपणे मान वळवून शेजारच्या सीटकडे बघत बसलेले. मग कारभारीची गाडी भिंती खात खात यायची. "आलं का? चल आता!" म्हणून आप्पा पाय दाबायचे आणि त्या शेवटच्या हातभर रस्त्यात अशी झुंज लागायची की असलीवरचे लोकसुद्धा उठून यायचे. कधी आप्पा जिंकायचे, तर कधी चक्क कारभारी. हळूहळू आप्पांशी खेळायला रांग लागायला लागली. रामप्रसाद रांगेवरही वैतागायचा, पण घरी जाऊन दोन घास जास्त खायचा.

हे असंच चालू राहिलं असतं. पण रामप्रसादला एक खोड होती. तो तिला गुण म्हणायचा. त्याला खोटं खपायचं नाही. शेजारच्या बारशाला जाऊन "नाव काय जमलं नाय बघा" असं पाळण्यापाशी सांगून आलेला माणूस तो. सत्यशीला म्हणायची, "तुमचं हे खरं एक दिवस घर उठवील." आणि नेमकं त्याच्यासमोर एके दिवशी वरद म्हणाला, "काका, डब्बा चीटिंग करतो. तुम्हाला माहीत नाही?"

"कसली चीटिंग?"

"मागे पडलेल्याची गाडी मशीनच जोरात पळवतं आणि पुढच्याची दाबून धरतं. म्हणून तर कारभारी दर वेळी गाठतो. नाहीतर त्याची काय बिशाद! सेटिंगमधून बंद करता येतं."

रामप्रसादच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या दुकानात, त्याच्या नाकाखाली, इतकी वर्षं खोट चालली होती! "बंद कर," तो म्हणाला. वरदने किल्लीने मशीनचं पुढचं दार उघडलं, आतलं बटण दाबून दाखवलं, आणि डब्बा प्रामाणिक झाला.

प्रामाणिक डब्ब्याची कळा आठ दिवसांत दिसली. ज्याला चालवता येत होतं तो पहिल्या वळणाला जो निघून जायचा तो परत दिसायचाच नाही. मागचा एकटाच रस्ता बघत गाडी हाकायचा. असली गेम निदान दिसायला तरी देखणा होता. यात आता तेही नाही. नवशिके यायचे बंद झाले. जिंकणाऱ्यांनाही हरवायला कोणी उरेना, तेही जांभया देत गेले. कारभारी दोन सुट्ट्या आला, तिसऱ्या सुट्टीला आला नाही. आणि आप्पा? आप्पा रेषेच्या अलीकडे ब्रेक मारून शेजारी बघत बसायचे, मागून कोणी यायचं नाही, वेळ संपायची आणि पडदा काळा व्हायचा. परत बसायचे, परत थांबायचे.

रामप्रसाद ज्याच्या-त्याच्यावर खेकसत होता. वरदवर तर इतका, की त्याने येणंच सोडलं. खरं केलं तर दुकान ओस पडतं, ही कुठली रीत?

मग एका दुपारी सत्यशीलाचा फोन आला. "आप्पा गेले. गाठोडं घेऊन गेले. मी नळाचं पाणी भरत होते, चार दिवसांनी आलेलं. बाहेर येऊन बघते तर काठीबी नाय."

रामप्रसाद जागचा उठला. आधी मशीनचं दार उघडलं, वरदने दाबलेलं बटण दाबलं, समोर आलेल्या इंग्रजीशी झगडत, शिव्या घालत ती खोट होती तशी परत चालू केली. मग शटर ओढलं आणि मोटारसायकल सिडकोच्या बसस्टँडकडे दामटली. बोलायचं काय ते वाटेत ठरवून टाकलं होतं. अस्सं झापायचं की पुन्हा गावाचं नाव नाही!

आप्पा बाकड्यावर बसले होते, गाठोडं मांडीवर घेऊन. जालन्याकडची बस नेहमीप्रमाणे आलेली नव्हती.

"आप्पा, काय लावलंय हे? वस्तीवर प्यायला पाणी नाय, कुठं निघालाव?"

आप्पांनी वर बघितलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "माझं काय चुकलं रे रामप्रसाद? मी थांबतो, लई वेळ थांबतो, पण कुनी येईनाच. त्या कारभारीला मी काय वाकडं बोललो व्हय? म्हाताऱ्यासंगं कुनाला खेळायचं नसंल तर तसं सांगावं मानसानं."

रामप्रसादच्या तोंडात खरं तयारच होतं. तुमच्यासाठी कोणी येतच नव्हतं आप्पा, मशीन त्यांना ढकलून आणत होतं, ती नुसती खोट होती. सगळी वाक्यं रांगेत उभी होती. त्याने आप्पांच्या हातांकडे बघितलं. गाठोड्याची गाठ ते पुन्हा पुन्हा चाचपत होते.

"मशीन बिघडलं व्हतं," रामप्रसाद म्हणाला.

"बिघडलं व्हतं?"

"व्हय. मागच्या गाड्या पळंनात. कारभारी तरी काय करंल? आज नीट केलं मी."

"म्हंजी माझं काय नव्हतं त्यात?"

"तुमचं काय नव्हतं आप्पा."

आप्पा काठी आपटून उभे राहिले. "आरं गाढवा! मग इतके दिवस सांगायला काय जीभ झडली व्हती का तुझी? हितं माझा जीव चाललाय, मी रातध्याड सोताला कोसतोय, आन् हा भाड्या मशीन बिघडवून पंख्याकडं बघत बसतोय! धर हे गाठोडं!"

मोटारसायकलवर मागे बसल्यावरही तोंड थांबलं नाही. सिग्नलला लोक वळून बघत होते. मेंढरं विकल्यापासून आप्पांनी कोणाला एक शिवी दिली नव्हती, त्या सगळ्या आज निघत होत्या. रामप्रसाद प्रत्येकीला "व्हय आप्पा, चुकलं" म्हणत होता, आणि एकीकडे कारभारीला कुठून धरून आणायचं याचा विचार करत होता.