लेफ्ट बॅकचा एकुलता एक गोल

“कोण आहे हा माणूस? या कागदातला हा माणूस कोण?”

कोच ओरडत होते. आमच्या ड्राइव्हवेत, गुडघाभर बर्फात उभे, हातात मी तयार केलेला त्यांचा रेझ्युमे. आवाज असा की समोरच्या छपरावरचा बर्फ घसरला, आणि माझ्यावर विश्वास असेल तर सांगतो, शिकागोहून येणारी ट्रेनही त्या दिवशी एक स्टेशन आधीच थांबली.

“तुम्हीच आहात तो,” मी म्हणालो.

“याला मी माझ्या टीममध्ये घेतला नसता. खोटारडा आहे.”

कोच म्हणजे आमचे समोरचे शेजारी. मूळचे सर्बियाचे, साठी उलटलेली. माझ्या मुलीला त्यांनी चार वर्षं फुटबॉल शिकवला. आमच्या नेपरव्हिलच्या निम्म्या मराठी पोरी त्यांना कोच काका म्हणतात. ते मला ‘कोमशिया’ म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत शेजारी. त्या थंडीत त्यांचा क्लब बंद पडला. दुसऱ्या क्लबांना तरुण कोच हवे होते. उरली होती एकच जागा, माझ्या मुलीच्या हायस्कूलची. तीही गेली असती तर मैदान कायमचं सुटलं असतं आणि जावयाच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरमागे बसावं लागलं असतं. हे मला त्यांनी नाही, त्यांच्या बायकोने सांगितलं.

अर्जाला रेझ्युमे हवा होता आणि या गृहस्थांनी जन्मात कधी केला नव्हता. त्यांच्याकडे म्हणे लोक येऊन खेळ बघायचे, बस. सगळी कारकीर्द बुटांच्या एका खोक्यात, वर्तमानपत्रांची कात्रणं. त्यातलं एक अक्षर मला वाचता येईल तर शपथ.

मी म्हटलं, कोच, हे माझ्यावर सोडा. कन्सल्टिंग कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये राहून ज्याने एका वीकेंडला कागदावर सहा वर्षांचा अनुभव मिळवलाय, त्याला रेझ्युमे कोणी शिकवू नये.

आमच्या डायनिंग टेबलावर बसून, बायकोने केलेला आल्याचा चहा औषधासारखा गिळत, त्यांनी मला सगळं सांगितलं. डॅन्यूबकाठी जन्म, वडील मालवाहू बोटीवर. अकरा सीझन वरच्या डिव्हिजनमध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडून आपला गोल राखणारा. अकरा सीझनमध्ये गोल एक, तोही दुसऱ्याने मारलेला बॉल यांच्या पाठीवर आपटून आत गेला म्हणून. मग गुडघा गेला आणि ते मॅनेजर झाले. एका छोट्या क्लबला वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं. पुढच्याच वर्षी क्लब परत खाली आला आणि यांना काढून टाकलं.

मी लिहिलं, ‘आक्रमक डिफेंडर, निर्णायक गोलांसाठी प्रसिद्ध.’ क्लब खाली घसरला, त्याचं केलं ‘मोठ्या बदलाच्या काळात संघाचं खंबीर नेतृत्व.’ माझ्या मुलीने खांद्यावरून वाचलं आणि “डॅड, स्टॉप” म्हणाली. तोवर मी सबमिट करून टाकलं होतं. मग एक प्रिंट काढून अभिमानाने त्यांच्या घरी दिली, आणि दहा मिनिटांत ते ड्राइव्हवेत हजर.

गुरुवारी शाळा सुटल्यावर इंटरव्ह्यू. ओळखीचा पालक म्हणून मलाही बोलावलेलं. समोर मुख्याध्यापक, खेळांचे प्रमुख आणि गणिताच्या एक बाई. कोचनी बसल्याबसल्या पेन मागितलं आणि माझ्या वाक्यांवर एकेक रेघ मारायला लागले. हे नाही. हेही नाही. गोल एक, पाठीने. मला टेबलाखाली जागा दिसत होती, पण पोट आडवं आलं. शेवटी कागदावर उरलं फक्त नाव, गाव आणि ‘लेफ्ट बॅक’.

मुख्याध्यापकांनी विचारलं, मग तुम्ही नक्की केलंत काय?

“शेवटची मॅच हरलो, खाली गेलो,” कोच म्हणाले. “दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी माझं सामान उचलायला मैदानावर गेलो. सगळे खेळाडू आले होते, बूट घालून. मी बोलावलं नव्हतं. मग ट्रेनिंग घेतलं.”

हे त्यांनी मलाही सांगितलं होतं. मीच गाळलं. हरल्यानंतरची गोष्ट रेझ्युमेत घालतो का कोणी?

सोमवारी ईमेल आली. नोकरी त्यांची. मी बर्फात पायजम्यावर धावत रस्ता ओलांडला, आणि त्या दिवसापासून माझी छाती जी फुगली आहे ती कुठल्याही जॅकेटमध्ये मावत नाही.

मंडळाच्या पाडव्याच्या जेवणाला मी त्यांना घेऊन गेलो आणि सगळ्यांना ताटं थांबवून किस्सा ऐकवला. म्हटलं, पॅनेल उठून उभं राहिलं. मुख्याध्यापकांनी मिठी मारली. गणिताच्या बाई तर इतक्या रडल्या की नॅपकिनचा अख्खा डबा संपला, शेवटी हायस्कूलच्या जिमवरून टॉवेल मागवावे लागले.

एका काकूंना राहवलं नाही. श्रीखंडाची तिसरी वाटी संपवत बसलेल्या कोचना त्यांनी विचारलं, खरंच रडल्या का हो त्या?

कोचनी वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं.

“सर्दी झाली होती तिला.”