व्हय म्हणायला दोन पावलं

मरणाचा इतका अभ्यास केलेला आणि तरीही त्याच्यावर इतका रुसलेला माणूस अख्ख्या देवबाग गावात दुसरा सापडायचा नाही. हे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म, पेशींना वेळेवर मरू देणाऱ्या आणि मरू न देणाऱ्या प्रथिनांचे आकार शोधण्यात घालवला. मावशी रक्ताच्या कर्करोगाने गेली आणि बिऱ्हाड मोडून ते इथल्या घरी, आमच्या दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे, एकटे राहायला आले. आता पडवीत काथ्याचा सुंभ वळून त्याच प्रथिनांचे आकार बनवतात. वेटोळी सारखी यावीत म्हणून सुंभ गुंडाळायला माझा आमटीचा डाव नेला, तो अजून तिथेच आहे. एकदा एक पर्यटक शोभेची वस्तू समजून किंमत विचारायला आत शिरला, तर काकांनी अशी शिकवणी घेतली की डॉल्फिन दाखवणारी त्याची बोट निघून गेली. मलाही ते त्या सुंभाच्या प्रथिनातली एकच खाच शंभरदा दाखवतात. "बघ गो, हयसर मरणाचो निरोप अडकान रवता. मग पेशी मरणत नाय, माणूस मरता." त्या खाचेचा कोपरा न् कोपरा त्यांना पाठ होता, आणि मावशी वाचली नाही. हे त्यांनी स्वतःला माफ केलेलं नाही.

देवाचं त्यांना पूर्वी वावडं. सुट्टीत आले की मावशी बळेच माडाखालच्या राखणदार देवापुढे उभं करायची. हे ओशाळून गाऱ्हाणं घालायचे, देवाकडे एकेक मागणं मागायचे, आणि प्रत्येक मागण्याला ती खणखणीत "व्हय म्हाराजा" म्हणायची. आता दर सोमवारी माडाखाली नारळ ठेवून आपणहून गाऱ्हाणं घालतात. पण साथ द्यायला घरात कोण आहे? म्हणून गाऱ्हाणं एका जागी म्हणतात आणि दोन पावलं डावीकडे, मावशीच्या जागी सरकून, स्वतःच "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग परत उजवीकडे. मी गडग्याआडून हे पाहून कितीदा तरी हसले आहे.

गेल्या सोमवारी आंबोळ्या घेऊन गेले, तेव्हा ते पाठमोरे उभे होते. "बा देवा म्हाराजा, ज्या पेशींची वेळ झाली, त्यांका जावची बुद्धी दी रे म्हाराजा." आणि पाय उचलला. मला एकाएकी ते बघवेना.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

उचललेला पाय त्यांनी हळूच जागेवर ठेवला. मागे वळून पाहिलं नाही. मग मावशीसाठी मागितलं, माझ्या मुलांसाठी, खाडीतल्या होड्यांसाठी, बोट चुकलेल्या त्या पर्यटकासाठीसुद्धा. मी व्हय म्हणत राहिले. आंबोळ्या गार झाल्या, तरी त्यांचं गाऱ्हाणं संपेना.