ईराचे उपास

"हे हाड एकोणीस वर्षांच्या मुलीचं वाटत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "साठीच्या बाईचं असं दिसतं. ही मुलगी जेवते ना?"

प्रश्न मला होता. उत्तर दिलं माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, तेही अभिमानानं. "अहो मॅडम, बहुत सात्त्विक आहे पोरगी. इतके उपास करते की आमच्या घरात कोणी करत नाही," सुमनवहिनी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझी भाची खाली मान घालून पायाला बांधलेल्या पट्ट्याशी चाळा करत होती. खाली इंदूरच्या पलासिया चौकात गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. राग नंतर आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ईरा माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची मुलगी. मिलिंद नोकरीसाठी स्वीडनला गेला, तिथेच राहिला, ईरा तिथेच जन्मली. पाचव्या वर्षी ती बर्फावर उभी राहिली आणि मग उतरलीच नाही. फिगर स्केटिंग म्हणजे पायात धारदार पात्यांचे बूट घालून बर्फावर केलेला नाच, पण त्यात उड्या असतात. हवेत तीन गिरक्या घ्यायच्या आणि खाली यायचं ते एकाच पायावर. ईराचा तो पाय उजवा. दिवसभरात शेकडो वेळा सगळं अंग त्या एका पायावर आपटायचं. शाळेच्या वयात ती देशाच्या ज्युनियर संघात गेली, आता मोठ्यांच्या गटात चढली होती. ऑगस्टमध्ये तिची निवड चाचणी होती. आमच्या घरात टीव्हीशेजारी तिचा निळ्या पोशाखातला फोटो आहे. आल्यागेल्याला वहिनी तो दाखवायच्या, "ही आमची. स्वीडनकडून खेळते."

फोटोत तिच्या गळ्याची हाडं दिसतात. ती आम्हाला नाजूक वाटायची.

माझ्या मुलाच्या लग्नासाठी ती एप्रिलमध्येच एकटी इंदूरला आली, तिच्या आईवडिलांना यायला जमलं नाही. तिकडे तेव्हा स्पर्धांचे दिवस संपलेले असतात. तिची आई नाशिकची, त्यामुळे ईराचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. आम्ही इंदूरवाले वाक्य मराठीत सुरू करतो आणि हिंदीत कुठेतरी सोडून देतो. ती मात्र "आत्या, मला आज जेवायचे नाही, माझा उपास आहे," असं पुस्तकातल्यासारखं बोलायची. सगळे विरघळले.

उपास म्हटलं की इंदुरात कोणी उपाशी राहत नाही, हे आधी सांगते. आमच्याकडे उपासाला साबूदाण्याची खिचडी, वर फरियाली मिक्श्चर, मग बटाट्याचा कीस, रबडी. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आमच्याच गावात जन्मली असावी. ईरा यातलं काहीच घेत नसे. पाणी आणि बिनसाखरेची काळी कॉफी. "मी पूर्ण धरते, काकू," ती वहिनींना सांगायची. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष. पुढचा उपास कधी, हे ती स्वतः वहिनींना विचारायची, आणि वहिनी आनंदानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवायच्या.

मी जन्मात एक उपास केलेला नाही. भूक लागली की मी चिडते, देवालाही ते परवडणारं नाही. त्यामुळे घरात माझा उद्धार सुरू झाला. "परदेशात वाढलेली पोर पाळते, आणि आमच्या या बाईसाहेब बघा, चतुर्थीला कचोरी!" मी हसायचे. आमच्या या खाऊ शहरात एक मुलगी आमच्या डोळ्यांदेखत उपाशी मरत होती आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवी. घरात लग्न निघालं की आमच्यात बायका एकमेकींना तारखा विचारतात. कुणाची पाळी नेमकी ग्रहमखाला किंवा देवकाला येणार असेल, तर तिला गोळ्या घ्यायला लावायच्या. वहिनींनी सगळ्या मुलींना विचारलं. ईरा म्हणाली, "माझी काही अडचण नाही, काकू. मी कधीही पूजेला बसू शकते."

वहिनी खूश. देवघर तिच्या ताब्यात. फुलं, नैवेद्य, दिवा, सगळं ईरा. महिना उलटला तरी ती एकदाही बाजूला बसली नाही, आणि घरात सहा बायका असून एकीच्याही डोक्यात आलं नाही की अगं, का? सोय झाली ना, बस हो गया.

हळदीच्या दिवशी ती नाचता नाचता नडगी धरून खाली बसली. "मुरगळला असेल," म्हणाली. वरात झाली, सून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ईराला जिना उतरता येईना.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. मग एमआरआय. त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये ती निवांत पडून राहिली, बाहेर मीच घाबरले होते. निदान झालं स्ट्रेस फ्रॅक्चर. म्हणजे एका फटक्यात मोडलेलं हाड नाही. पुन्हा पुन्हा भार पडून त्याला गेलेली बारीक चीर.

"देखो भाभीजी, बाल जैसी लाइन है," डॉक्टर म्हणाले. "छे हफ्ते आराम, फिर बिटिया को जितना नाचना है नाचे."

"पण डॉक्टरसाहेब, वर्षानुवर्षं उड्या मारतेय ती. हाड आत्ताच का चिरलं?"

"विटामिन कम होगा. ऐसा करो, हार्मोनवाली मैडम को दिखा दो." त्यांचं लक्ष दाराकडे होतं. बाहेर रांग होती, मान्य आहे. पण एवढी तरुण खेळाडू समोर बसलेली असताना तिला पाळी येते का, हा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? मीच प्रश्न उकरला नसता तर आम्ही पट्टा बांधून घरी आलो असतो.

हार्मोनवाल्या मॅडम मूळच्या नागपूरच्या. त्यांनी डेक्सा स्कॅन करायला लावला. त्यात नुसतं टेबलावर पडायचं, वरून मशीनचा हात फिरतो आणि हाडं किती भरीव आहेत ते कळतं. तो रिपोर्ट बघूनच त्या म्हणाल्या होत्या की ही जेवते ना.

"शेवटची पाळी कधी आली होती?" त्यांनी विचारलं.

"मी सोळा वर्षांची असताना," ईरा म्हणाली.

वहिनी बोटांवर वर्षं मोजायला लागल्या.

"कुणाला सांगितलं नाहीस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कोचला सांगितलं होतं. ती म्हणाली, पाळी थांबली म्हणजे तुझं ट्रेनिंग नीट चाललंय. ती दर सोमवारी आमचं वजन करते. हलकं असलं की हवेत गिरकी पूर्ण होते." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच्या पोरीच्या हाडांवर पदकं मिळवायची! आयजीच्या जिवावर बायजी उदार!

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, रेड-एस. रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट. सोपं करून सांगते. शरीर जेवढं राबतं तेवढं त्याला खायला मिळालं नाही, की ते काटकसर करायला लागतं. आधी पाळी बंद करतं, मग हाडांची डागडुजी थांबवतं. बाहेरून मुलगी सडपातळ आणि चपळ दिसते, टाळ्या मिळवते. आतून घर पोखरलेलं असतं.

"आत्ता उड्या मारल्या तर ही चीर हाडाच्या आरपार जाऊ शकते," त्या म्हणाल्या. "खाणं सुधारलं, पाळी परत आली, तर हाड भरायला लागेल. औषध म्हणजे मुख्यतः जेवण. बर्फाचं नंतर बघू."

"ऑगस्टमध्ये माझी निवड चाचणी आहे," ईरा म्हणाली.

"ऑगस्ट विसर."

त्या दिवसापासून घरात युद्ध सुरू झालं. मिलिंदचा व्हिडिओ कॉल आला. "ताई, इंदुरात बर्फाचं मैदान तरी आहे का? तिथल्या डॉक्टरला स्केटिंगमधलं काय कळणार? तिला परत पाठव, कोच वाट बघतेय." मी म्हटलं, बर्फ नसेल आमच्याकडे, पण हाड तेच असतं. तू तिकडे उंटावर बसून शेळ्या हाकू नकोस. मग मी बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं फोन ठेवला.

आणि ईरा? तिला वाटत होतं, तिची शत्रू मी. वरणभातावर मी तूप वाढलं की ती भाताचा तो भाग बोटानं बाजूला करायची. घास घशाखाली जाईना, डोळ्यांतून पाणी. "आत्या, तू मला जाड करून घरी पाठवणार आहेस." एकदा तिनं ताट भिंतीवर फेकलं. मी ओरडले, तीही ओरडली, स्वीडिशमध्ये. मी आमच्या इकडच्या बोलीत, मालवीत ऐकवलं. नवी सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती, कुठल्या घरात आले म्हणून.

तुमच्या घरी अशी मुलगी असेल तर हे माहीत असू द्या. "खा ना गं" म्हणून ती खात नाही. आम्हाला समुपदेशक लागली, आहारतज्ज्ञ लागली. तरी ईराकडे एक शस्त्र शिल्लक होतं. एकादशी आली की ती ताट सरकवून म्हणायची, "आज माझा उपास आहे." त्यापुढे घरात कुणाची जीभ उचलायची नाही. माझ्यासारख्या नास्तिक बाईला तर बोलायचा अधिकारच नव्हता.

मग एका एकादशीला वहिनी स्वतः ताट वाढून घेऊन आल्या. वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळी. एकादशीला त्यांच्या हातचा वरणभात आमच्या घरात कुणी पाहिलेला नव्हता. त्यांनी ताट ईरापुढे ठेवलं, तिच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि ते ताम्हणात सोडायला लावलं.

"तुझे सगळे उपास मी घेतले," त्या म्हणाल्या. "जितने भी आहेत, जन्माचे. आजपासून ते मी करेन. तुझ्याकडे आता एकही नाही. देवाला काही विचारायचं असेल तर तो मला विचारेल. तू जेव, बेटा."

ईरानं पोळीचा तुकडा मोडला. पूर्ण जेवली नाही, अर्धी जेवली. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

नंतर सगळं गोड झालं असं मुळीच नाही. जुलैत कोचनं कळवलं की तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे. ती मुलगी पंधरा वर्षांची आहे. ईरा आधी स्वतःसाठी रडली आणि मग त्या मुलीसाठी. संध्याकाळी तिनं स्वतः फोन करून कोचला सांगितलं की मी परत येणार नाही, आणि त्या मुलीच्या आईला सगळं लिहून पाठवलं. मिलिंद ऑगस्टमध्ये आला. मुलीला पाहिलं, रिपोर्ट वाचले आणि माझ्याशी नजर न मिळवता म्हणाला, "ताई, राहू दे तिला अजून." मी अजून त्याला पुरती माफ केलेली नाही, आणि त्याला ते माहीत आहे.

एमआरआय पुन्हा झाला, चीर भरत होती. पाळीचा मात्र पत्ता नव्हता. डॉक्टरबाई म्हणत, थांबा. थांबण्यासारखं कठीण काही नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे हा वर्षातला सगळ्यात कडक दिवस. वहिनी सोवळ्यात, पुरण शिजतंय, पाहुणे बाहेर, कुणी कशाला शिवायचं नाही. ईरा आरतीचं तबक लावत होती. ती मध्येच उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली ती भिंतीला चिकटूनच. कुठे उभं राहायचं ते तिला कळत नव्हतं.

"आत्या," ती हळूच म्हणाली. "आली."

मला आधी कळलंच नाही. वहिनींना कळलं. त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. स्वयंपाकघरातल्या बायका आपोआप दोन पावलं मागे सरकल्या, सवयीनं. माझा पारा चढायला लागला. आता ही बाई तिला मागच्या खोलीत पाठवते की काय! तोंड उघडणार तोच वहिनी सोवळ्यासकट तिच्यापाशी गेल्या आणि तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"दिवा लावायचा राहिलाय," त्या रडत म्हणाल्या. "चल, तूच लाव."

मागे कुणीतरी कुजबुजलं. वहिनींनी वळून पाहिलं, आणि ती कुजबुज थांबली.

ईरानं दिवा लावला. माझे हात जोडले गेले. देवीसाठी की जाऊबाईंसाठी, ते मी ठरवलं नाही. मग पहिल्याच पंगतीत ईरा जेवायला बसली. एक पुरणपोळी झाली, आणि तिनं ताट पुढे करून म्हटलं, "काकू, अजून एक. तूप जरा जास्त."