‘म्हणजे’ न म्हणता

“तीन वर्षं लिहा,” मी म्हणालो.

“एक दिवस तरी फळ्यासमोर उभारलायस का?” हेडमास्तर म्हणाले.

“मग दोन लिहा.”

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी इंग्रजी घेऊन नुकता बी.ए. झालो होतो आणि कसबा बावड्यातल्या माझ्या जुन्या शाळेत घासाघीस करत बसलो होतो. आफ्रिकेतल्या एका देशाला इंग्रजीचे शिक्षक हवे होते. मुलाखती पुण्यात होत्या. त्यासाठी एक्सपिरियन्स लेटर लागायचं. अमुक वर्षं शिकवलं, असं शाळेनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेला कागद. माझा अनुभव गुळाच्या अडतीतला. तिथं हमाली करून मी शिकलो होतो, आणि भाव कसा पाडायचा तेही.

हेडमास्तर म्हणाले, “पंधरा दिवस माझी पाचवी घे. एक मराठी शब्द वापरायचा न्हाई. तिकडच्या पोरांना मराठी येतंय व्हय? मग बघू पत्राचं.”

माझं डोकं फिरलं. “फुकट राबवायला मीच घावलो व्हय? दर दिवाळीला माझ्याकडनं गुळाची ढेप घरात घेतलासा, तवा न्हाई अट घातली.”

मग कागद ओढून त्यांनी पाचवीला एक वर्ष शिकवल्याचं लिहिलं, सही केली. शिक्का मात्र माझ्याकडं सरकवला. “तूच मार,” म्हणाले.

मी मारला.

पुण्यात बाकावर माझ्याशेजारी एक गृहस्थ येऊन बसले. सुतार सर. मूळचे चंदगडचे. चार वर्षं इंग्रजी शिकवत होते.

“कुठल्या शाळेत?” मी विचारलं.

“बावड्यात. तुमी?” माझीच जुनी शाळा; मी ती सोडल्यावर ते तिथं लागले होते.

“मी गावातच असतो,” एवढंच बोललो.

आत तीन परदेशी साहेब होते. डेमो लेसन घ्यायचा होता, म्हणजे नमुन्याचा तास. ते विद्यार्थी, मी शिक्षक. आम्हाला काहीच येत नाही असं समजा, म्हणाले. मी कोपऱ्यातली छत्री उचलली. “धिस इज ॲन अंब्रेला.” पुढं काय? मला जसं शिकवलं होतं तसंच मी शिकवलं. “अंब्रेला म्हणजे छत्री.”

“अंब्रेला म्हणजे छत्री,” तिघं एका सुरात म्हणाले. मला हुरूप आला. “चॉक म्हणजे खडू.” तेही म्हणाले.

मग त्यांच्यातल्या वयस्कर साहेबांनी खुर्चीवर हात ठेवून शांतपणे विचारलं, “सर, इज धिस ऑल्सो ए म्हणजे?”

“नो, नो,” मी म्हणालो. “म्हणजे मीन्स... म्हणजे...”

पुढं जाता येईना. इंग्रजीतून इंग्रजीकडं जायची वाटच मला ठाऊक नव्हती. पाचवीला कुठलं पुस्तक होतं, असं त्यांनी विचारलं. ते मला सांगता आलं नाही. त्यांनी माझं पत्र पुन्हा वाचलं, हेडमास्तरांच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि थँक यू म्हणाले.

माझ्यामागून सुतार सर आत गेले. दोन मिनिटांत बाहेर आले.

परतीच्या एसटीत तेच माझ्या शेजारी. साताऱ्याच्या पुढं त्यांनी फडकं सोडलं. भाकरी आणि ठेचा.

“शिकवायलाच दिलं न्हाई हो,” ते म्हणाले. “सही बघितली आन् कागद बाजूला सारला. ह्या सहीचं एक पत्र आज बघितलंय, म्हणाले. आमच्या शाळंचं कोण आलतं की? तुमच्या नदरंला पडलं काय कोण?”

“न्हाई,” मी म्हणालो.

त्यांनी भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

त्यानंतर कैक वर्षं मी लोकांना सांगत आलो, की हेडमास्तरांनी तीन वर्षं लिहिली असती तर मी आज परदेशात असतो. अजूनही मनात एक गाठ आहे. त्यांनी मला सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण मी ढेपेचं तोंडावर मारल्यावर ते नाही तरी कसं म्हणणार? सुतार सर त्याच शाळेतून रिटायर झाले. त्यांना मी कधी काही सांगितलं नाही.

आता माझा स्वतःचा इंग्रजीचा क्लास आहे. पत्र मागायला पोरं-पोरी माझ्याकडं येतात. “सर, दोन वर्षं लिहा की,” म्हणतात. मी हातात खडू देतो. पंधरा दिवस शिकवा, ‘म्हणजे’ न म्हणता. जी टिकतात त्यांना मी पत्र देतो.

त्यात पंधरा दिवसच लिहितो.